ब्लॉक जॅकोबी: ऑफ-नॉर्म दर पायरीला घटतो, तरी मॅट्रिक्स कर्णरूपात का येत नाही?

ब्लॉकवाला (प्रश्न)

रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्स अ, आकार १०२४ × १०२४. तिच्या आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर ब्लॉक जॅकोबीने काढतोय, म्हणजे दर पायरीला ब्लॉकांची एक जोडी फिरवून कर्णाबाहेरचा भाग शून्याकडे न्यायचा. ६४-६४ चे १६ ब्लॉक पाडलेत, म्हणजे एका स्वीपमध्ये (सगळ्या जोड्यांची एक फेरी) १२० जोड्या. टायपायला सोपं म्हणून ब्लॉकला अ[प,क] लिहितो, ट्रान्सपोजला उ′, आणि कर्णाबाहेरच्या सगळ्या घटकांच्या फ्रोबेनियस नॉर्मला ऑफ(अ).

दर पायरीला करतो ते असं:

१. जोडी (प,क) ओळीने घेतो: (१,२), (१,३) … (१५,१६).
२. अ[प,प], अ[प,क], अ[क,क] मिळून १२८ × १२८ ची छोटी मॅट्रिक्स बनवतो आणि लॅपॅक या लायब्ररीतल्या डीएसवायईव्हीडी रूटीनकडून तिचे आयगेनव्हेक्टर उ घेतो.
३. प आणि क या ब्लॉक-ओळींना डावीकडून उ′ ने, ब्लॉक-स्तंभांना उजवीकडून उ ने गुणतो. आयगेनव्हेक्टर साठवायची मॅट्रिक्स व, तिलाही उजवीकडून उ.
४. ऑफ(अ) = √(‖अ‖^२ − कर्णावरच्या घटकांच्या वर्गांची बेरीज). हे १०^-१४ × ‖अ‖ च्या खाली गेलं की थांबायचं.

कागदावर प्रत्येक पायरीला ऑफ^२ किमान २‖अ[प,क]‖^२ ने कमी व्हायला हवा, आणि वाढत तर तो कधीच नाही. प्रत्यक्षात पहिले दोन स्वीप जवळजवळ वाया जातात, मग जरा वेग येतो, मग पुन्हा रेंगाळतो. शेवटी १०^-८ × ‖अ‖ च्या आसपास लोंबकळत राहतो आणि अधूनमधून नॅन (अवैध संख्या) येतो. एकसारखा घटणारा नॉर्म शून्याकडे न जाता अडकतो कसा? चूक कोडमध्ये आहे की पद्धतीच अशी आहे?

---

सिग्मा_किमान

दोन्हींत. पद्धतीपासून सुरुवात करतो.

नॉर्म घटत राहतो एवढ्यावरून तो कुठल्यातरी मर्यादेला पोचतो इतकंच कळतं. ती मर्यादा शून्य आहे असं कुठे सिद्ध झालं? एका पायरीत गेलेलं वजन (घटकांच्या वर्गांची बेरीज) फक्त पिव्हट ब्लॉकमधलं, म्हणजे त्या पायरीला शून्य केलेल्या अ[प,क] मधलं. बाकीचं वजन उ ने गुणल्यावर तितकंच उरतं, फक्त जागा बदलतं. ते तुमच्या पुढे पळत राहिलं तर तुम्ही दर वेळी रिकाम्या ब्लॉकवर हात मारता.

३ × ३ वर, ब्लॉकचा आकार १ धरून, हाताने करून बघा:

३    ०    ०.५
०    २    ०
०.५  ०    १

क्रम (१,२), (१,३), (२,३). डीएसवायईव्हीडी आयगेनव्हॅल्यू नेहमी चढत्या क्रमाने देतं हे लक्षात ठेवा.

(१,२): छोटी मॅट्रिक्स आधीच कर्णरूप आहे, ३ आणि २. पण लॅपॅक २, ३ असा क्रम लावून देणार, म्हणजे उ ही निव्वळ अदलाबदल. कर्ण झाला २, ३, १ आणि तो ०.५ (१,३) वरून (२,३) वर गेला.

(१,३): पिव्हट ०. कर्णावर २ आणि १, पुन्हा अदलाबदल. कर्ण १, ३, २ आणि ०.५ आता (१,२) वर. ती जोडी या स्वीपमध्ये होऊन गेलेली.

(२,३): पिव्हट ०. ३ आणि २ ची अदलाबदल. कर्ण १, २, ३ आणि ०.५ परत (१,३) वर.

स्वीप संपला, ऑफ^२ होता ०.५, राहिला ०.५. क्रम न बदलता उ = एकक मॅट्रिक्स घेतली असती तर दुसऱ्याच पायरीत काम झालं असतं.

इथे दुसऱ्या स्वीपमध्ये कर्ण चढत्या क्रमात आलेला असल्यामुळे अदलाबदल थांबते आणि (१,३) साफ होतो. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. एका स्वीपला चढता आणि पुढच्याला उतरता क्रम लावलात तर हेच चक्र अनंत काळ चालेल आणि ऑफ तसूभर हलणार नाही. तुमचे पहिले दोन स्वीप वाया जाण्याचं कारण बहुतेक हेच: चढता क्रम लावता लावता तुमचा जॅकोबी सॉर्टिंग करत बसलाय.

साध्या जॅकोबीत (ब्लॉकचा आकार १) यावर फोरसाइथ आणि हेन्रिची यांनी १९६० मध्ये उत्तर दिलं: ओळीवार क्रमात फिरवण्याचे कोन ±९० अंशांच्या आतल्या एखाद्या बंद पट्ट्यात ठेवले तर पद्धत शून्याकडे जाते. म्हणून सगळे जण ±४५ अंशांतला लहान कोन घेतात. थोडक्यात, कोसाइन शून्यापासून ठरावीक अंतरावर राहिला पाहिजे.

ब्लॉकमध्ये कोसाइनची जागा उ[१,१] घेतो, म्हणजे उ चा डावा-वरचा ६४ × ६४ भाग. अट अशी की त्याची सर्वात लहान सिंग्युलर व्हॅल्यू एका ठरावीक धन आकड्याच्या खाली जाता कामा नये. द्रमाच यांनी २००९ मध्ये ही अट वापरून ओळीवार ब्लॉक जॅकोबीचं अभिसरण सिद्ध केलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती पाळायची कशी तेही दाखवलं. उपाय स्वस्त आहे:

• उ च्या वरच्या ६४ ओळी घ्या (६४ × १२८).
• तिच्यावर कॉलम पिव्होटिंगसह क्यूआर (लंब × त्रिकोणी अशी फोड) चालवा, लॅपॅकमध्ये डीजीईक्यूपी३.
• त्यातून येणारा स्तंभांचा क्रम संपूर्ण उ ला लावा आणि आयगेनव्हॅल्यूंच्या यादीलाही तोच लावा.

आयगेनव्हेक्टर तेच, फक्त कुठला कोणत्या ब्लॉकमध्ये बसतो ते बदललं. शेवटच्या ओळीचा दुसरा भाग विसरलात, म्हणजे उ चा क्रम बदलला आणि आयगेनव्हॅल्यूंचा नाही, तर अ आणि व यांची फारकत होते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण अव − वΛ चा नॉर्म (अ मूळची, Λ म्हणजे आयगेनव्हॅल्यूंचा कर्ण) मोठा येतो.

आधी निदान करा: दर पायरीला उ[१,१] ची सर्वात लहान सिंग्युलर व्हॅल्यू छापा.

---

तिसरी_फेरी

वरच्या उदाहरणात पिव्हट चक्क शून्य आहे. कुठलंही शहाणं कोड ‖अ[प,क]‖ मर्यादेखाली असेल तर ती जोडी सोडून पुढे जातं. मग हे उदाहरण लागू कसं पडतं?

आणि मुळात ओळीवार जायलाच कशाला हवं? दर वेळी सर्वात मोठा ‖अ[प,क]‖ असलेली जोडी घ्या. ब्लॉक म असतील तर जोड्या म(म−१)/२. सर्वात मोठ्या ब्लॉकचं वजन सरासरीपेक्षा कमी असूच शकत नाही, म्हणून दर पायरीला कर्ण-ब्लॉकांबाहेरच्या वजनाचा वर्ग किमान (१ − २/(म(म−१))) पटीने घटतो. १६ ब्लॉकांसाठी हा आकडा १ − १/१२०, म्हणजे १२० पायऱ्यांत वर्ग ०.३७ पटीच्याही खाली, तेही वाईटात वाईट परिस्थितीत. उ चा क्रम कसाही असो, अभिसरण पक्कं. एका ओळीची सिद्धता.

---

सिग्मा_किमान

सोडून देण्याचा मुद्दा बरोबर, पण त्याने सुटका होत नाही. त्या दोन शून्यांच्या जागी ०.००१ ठेवा. आता पिव्हट मर्यादेच्या कितीतरी वर आहे, जोडी सोडता येत नाही, आणि चढत्या क्रमाचा उ तरीही जवळजवळ पूर्ण अदलाबदलच असणार. ०.५ तसाच पळत राहील. दर पायरीला ऑफ^२ दशलक्षांशाच्या पातळीवर घटेल आणि आलेखावर "घटतोय, पण संथ" असं दिसेल. ब्लॉकवाला यांचा आलेख नेमका तसाच वाटतो.

सर्वात मोठा पिव्हट शोधण्याबद्दल पूर्ण सहमत. साध्या जॅकोबीत तो शोध महाग पडायचा, कारण एका फिरवणीचा खर्च न (मॅट्रिक्सचा आकार) च्या पटीत आणि शोधाचा न^२ च्या. ब्लॉकमध्ये उलट आहे: १२० नॉर्मची यादी ठेवायची आणि प्रत्येक पायरीनंतर प आणि क ला स्पर्श करणारे २८ नॉर्म पुन्हा मोजायचे. एका पायरीच्या गुणाकारांपुढे हा खर्च नगण्य. समांतर चालवायचं असेल तर एकावेळी ८ वेगळ्या जोड्या लागतात. तिथे ‖अ[प,क]‖^२ ला वजन मानून सर्वात जड पूर्ण जुळणी शोधा. बेच्का, ओक्शा आणि वायतेर्शिक यांनी २००२ मध्ये एसव्हीडीच्या (सिंग्युलर व्हॅल्यूंची फोड) ब्लॉक जॅकोबीसाठी हीच कल्पना वापरली. मग दर समांतर पायरीला पट १ − १/(म−१), म्हणजे १ − १/१५.

फक्त एक: सर्वात मोठा पिव्हट घेतल्याने अभिसरण पक्कं होतं, शेवटचा वेग मात्र उ च्या क्रमावरच राहतो. क्यूआरची ती पायरी तिथेही ठेवा.

---

उणे_चिन्ह

सिद्धांत छान चाललाय, पण १०^-८ चं कोडं कोणी सोडवलं नाही. ते पद्धतीत नाही, पायरी ४ मध्ये आहे.

‖अ‖^२ मधून कर्णाची बेरीज वजा करताय. शेवटाकडे दोन्ही संख्या जवळपास सारख्या. डबल प्रिसिजनमध्ये वजाबाकीत उरणारी चूक सुमारे २.२ × १०^-१६ (मशीन एप्सिलॉन) × ‖अ‖^२, मोठ्या बेरजेत त्याहून जास्तच. तिचं वर्गमूळ १.५ × १०^-८ × ‖अ‖. त्याखालचं काही या सूत्राला दिसतच नाही. खरा ऑफ १०^-११ ला पोचला असला तरी तुम्हाला १०^-८ चा गोंगाट दिसणार, आणि वजाबाकी उणे आली की वर्गमुळाचा नॅन. तुमची दोन्ही लक्षणं यात आली.

कर्णाबाहेरच्या घटकांचे वर्ग थेट बेरजेला घ्या. १२० जोड्यांचे नॉर्म तसेही ठेवणार आहात, तेच वापरा.

थांबायची मर्यादाही अवास्तव आहे. १०^-१४ म्हणजे एप्सिलॉनच्या जेमतेम ४५ पट. १०२४ आकाराला प्रत्येक स्वीपमध्ये १२० ब्लॉक-गुणाकार होत असताना ती गाठेलच असं नाही. न × एप्सिलॉन, म्हणजे २.३ × १०^-१३ × ‖अ‖, ही समजूतदार मर्यादा. सिंगल प्रिसिजनवर चालवणार असाल तर एप्सिलॉनच १.२ × १०^-७ आहे, तिथे या आकड्यांचं नावही काढू नका.

तुमची मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट असेल आणि लहान आयगेनव्हॅल्यू सापेक्ष अचूकतेने हव्या असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे |अ[i,j]| ≤ मर्यादा × √(अ[i,i] × अ[j,j]) अशी प्रत्येक घटकाची चाचणी लागते (कंसातली ती दोन अक्षरं म्हणजे साधे ओळ-स्तंभ क्रमांक; पुढे र, स लिहितो). डेमेल आणि वेसेलिच यांनी १९९२ मध्ये दाखवलेला जॅकोबीचा फायदा हाच. पण तुम्ही आतल्या १२८ च्या मॅट्रिक्ससाठी डीएसवायईव्हीडी वापरताय, म्हणजे आत त्रिकर्णी रूपांतर होतं आणि तो फायदा तिथेच गेला. तो हवा असेल तर आतही जॅकोबीच चालवा.

जाता जाता पायरी ३ बद्दल: गुणाकारानंतर अ[प,प] आणि अ[क,क] मध्ये जे उतरतं ते ठेवू नका. लॅपॅकने दिलेल्या आयगेनव्हॅल्यू कर्णावर लिहा, अ[प,क] मध्ये शून्य भरा. बाकीच्या ब्लॉकांसाठी फक्त वरचा त्रिकोण मोजा आणि खाली नक्कल करा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या गुणल्या की सिमेट्री एप्सिलॉन-एप्सिलॉनने सुटत जाते आणि डीएसवायईव्हीडी एकच त्रिकोण वाचत असल्यामुळे ते त्याच्या लक्षातही येत नाही.

---

ब्लॉकवाला

ऑफ थेट मोजायला लागल्यावर नॅन गेला. १०^-८ ची भिंतही गेली, म्हणजे ती भिंत नव्हतीच.

सिंग्युलर व्हॅल्यू छापली: पहिल्या स्वीपमध्ये बऱ्याच जोड्यांना शून्याला टेकलेली. डीजीईक्यूपी३ लावल्यावर तसं होत नाही आणि पहिल्या स्वीपपासून खरी घट दिसते.

दोन गोष्टी अजून खटकतात. एक, द्रमाच यांच्या निकालातला खालचा आकडा मी ६४ साठी काढून पाहिला तर तो हास्यास्पद लहान येतो. दोन, ऑफ मधल्या टप्प्यावर आला की प्रत्येक स्वीपला वर्ग व्हायला हवा होता. त्याऐवजी ठरावीक पटीने घटतो. त्रास देणाऱ्या जोड्या दर वेळी त्याच तीन-चार आहेत, आणि त्या जोड्यांमध्ये उ[१,१] ची सर्वात लहान सिंग्युलर व्हॅल्यू दर स्वीपला वेगळी येते. मॅट्रिक्सच्या मूळ समस्येत सममिती आहे, त्यामुळे बऱ्याच आयगेनव्हॅल्यू दुहेरी आहेत. त्याचा संबंध असेल का?

---

सिग्मा_किमान

आकड्याबद्दल: ब्लॉक न₁ आणि न₂ आकाराचे असतील तर क्यूआर-पिव्होटिंगची हमी ३ / √((४^न₁ + ६न₁ − १)(न₂ + १)) इतकी. दोन्ही १ ठेवले तर ३/√१८ = १/√२, म्हणजे बरोब्बर ४५ अंशांचा कोसाइन. ६४ ठेवले तर सुमारे २ × १०^-२०. एप्सिलॉनच्याही खाली, कागदी हमी. पण क्यूआर-पिव्होटिंगची वाईटात वाईट उदाहरणं मुद्दाम रचावी लागतात. व्यवहारात आकडा याच्या कितीतरी वर राहतो आणि तुम्ही तो छापताच आहात.

हमीच हवी असेल तर वरच्या ओळींतून सर्वात मोठ्या डिटर्मिनंटचे ६४ स्तंभ निवडायचे. मग उ[१,१] च्या व्यस्ताने उ[१,२] ला गुणल्यावर कुठलाही घटक १ पेक्षा मोठा येत नाही, आणि सर्वात लहान सिंग्युलर व्हॅल्यू किमान १/√(१ + न₁न₂), इथे १/√४०९७, म्हणजे ०.०१५६. नेमकी ती निवड शोधणं महाग. पण गू आणि आयझेनस्टाट यांच्या १९९६ च्या स्ट्राँग क्यूआरमध्ये "१ पेक्षा मोठा नाही" च्या जागी "२ पेक्षा मोठा नाही" चालवून घेतलं तर ०.००७८ मिळतं. डीजीईक्यूपी३ नंतर एखाद-दुसरी अदलाबदल करून ते साधतं, बहुतेक वेळा तीही लागत नाही.

दुहेरी आयगेनव्हॅल्यूंबद्दल "तिसरी_फेरी" लिहितील तर बरं.

---

तिसरी_फेरी

संबंध आहे, थेट आहे.

वर्गाने घट का होते ते आधी बघू. ऑफ लहान झाला की फिरवणीचा कोन साधारण (पिव्हट ÷ कर्णावरच्या आकड्यांतलं अंतर) इतका, म्हणजे इवलासा. एकदा शून्य केलेली जागा पुढच्या फिरवणीने थोडी भरते, पण भर (लहान कोन × लहान घटक) इतकीच. म्हणून स्वीपअखेरीस ऑफ साधारण ऑफ^२/δ च्या घरात येतो; δ म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉकांतल्या आयगेनव्हॅल्यूंमधलं सर्वात लहान अंतर.

आता एक दुहेरी आयगेनव्हॅल्यू घ्या जिची एक प्रत ब्लॉक ३ मध्ये (ओळ र) आणि दुसरी ब्लॉक ११ मध्ये (ओळ स) बसली आहे. र आणि स मधला पिव्हट तर वर्गाइतका लहान असतोच, पण कर्णावरच्या दोन आकड्यांतलं अंतरही तितकंच लहान. लहान भागिले लहान, म्हणजे कोन काहीही. ४० अंश येऊ शकतो, पुढच्या स्वीपला ७. तुम्हाला दर वेळी वेगळी सिंग्युलर व्हॅल्यू दिसते ती याच कारणाने.

आणि तो मोठा कोन र आणि स या दोन ओळी मिसळतो. समजा तिसरी ओळ ट ब्लॉक ५ मध्ये आहे. (३,५) ही जोडी (३,११) च्या आधी येते, म्हणून (र,ट) साफ झालेली. (५,११) मात्र अजून यायची आहे, म्हणून (स,ट) भरलेली. आता (३,११) वर ४० अंश फिरलात की (स,ट) मधलं वजन थेट (र,ट) मध्ये उतरतं, आणि ती जागा या स्वीपमध्ये पुन्हा भेटणार नाही. इथे भर (मोठा कोन × लहान घटक) झाली. वर्ग गेला, उरली ठरावीक पट.

सर्वात लहान सिंग्युलर व्हॅल्यूची अट इथे कामाला येत नाही. ४० अंशांचा कोसाइन ०.७७, हमीत व्यवस्थित बसतो. अभिसरण होतंच, फक्त वेग जातो.

र आणि स एकाच ब्लॉकमध्ये असते तर ही मिसळण ब्लॉकच्या आतच राहिली असती. साध्या जॅकोबीतही व्हान केम्पेन यांच्या १९६६ च्या निकालात अनेकपदरी आयगेनव्हॅल्यू कर्णावर शेजारी-शेजारी असण्याची अट आहे. तेव्हा उपाय असा:

ऑफ जरा खाली आला की एकदाच थांबा. कर्णावरचा प्रत्येक आकडा खऱ्या आयगेनव्हॅल्यूपासून जास्तीत जास्त ऑफ(अ) इतका दूर असतो (क्रमाने जोडी लावून), म्हणून ऑफच्या दुपटीपेक्षा मोठी दरी दिसली तर ती खरी. कर्ण चढत्या क्रमाने लावा. अ च्या ओळी-स्तंभ आणि व चे स्तंभ त्याच क्रमाने हलवा. मग ब्लॉकच्या सीमा नव्याने आखा. ६४ चा हट्ट सोडा. मागच्या सीमेपासून ५६ ते ७२ या खिडकीत सर्वात मोठी दरी जिथे असेल तिथे काप द्या. सगळे ब्लॉक सारखे नसले तरी वरचे सगळे निकाल लागू राहतात. हे झाल्यावर कर्णाला पुन्हा हात लावू नका, डीजीईक्यूपी३ ची पायरी चालू राहू द्या.

अगदी दुहेरी नसून १०^-९ इतक्या अंतराच्या जोड्या असतील तर वेगळं काही नाही. फुटल्या तर δ च १०^-९ होतो आणि ऑफ त्याच्या खाली जाईपर्यंत वर्गाची वाट बघत बसावं लागतं.

---

उणे_चिन्ह

एक रोखठोक प्रश्न: हे सगळं कशासाठी? तुमच्या आकाराला एका पायरीत १२८ × १२८ गुणिले १२८ × १०२४ असे दोन गुणाकार होतात, एक अ साठी आणि एक व साठी, प्रत्येकी ३.४ कोटी क्रिया. १२० जोड्यांना मिळून एका स्वीपला सुमारे ८०० कोटी, साधारण ७.५ न^३. पूर्ण मॅट्रिक्सचं त्रिकर्णी रूपांतर ४/३ न^३ मध्ये होतं. एका यंत्रावर नुसत्या आयगेनव्हॅल्यू हव्या असतील तर १०२४ ची मॅट्रिक्स थेट डीएसवायईव्हीडीला द्या आणि मोकळे व्हा. ब्लॉक जॅकोबी परवडतो तो अ आधीच जवळजवळ कर्णरूप असेल तेव्हा (मागच्या पायरीचा व हाताशी आहे, अ थोडीच बदलली आहे), किंवा काम खूप यंत्रांवर वाटायचं असेल तेव्हा, किंवा सापेक्ष अचूकता हवी असेल तेव्हा.

---

ब्लॉकवाला

पहिलंच कारण. अ हळूहळू बदलते आणि दर वेळी मागचा व वापरतो. खरं तर दर वेळी पूर्ण कर्णरूपही लागत नाही. खालच्या काही आयगेनव्हॅल्यूंचा गट बाकीच्यांपासून सुटा झाला तरी पुरतं. दोघांत दरी असते.

---

उणे_चिन्ह

हे आधी सांगायला हवं होतं! मग दोनच ब्लॉक करा आणि रिकाटी समीकरण (अज्ञात मॅट्रिक्स क्ष चं वर्गपद असलेलं) सोडवा. हवा असलेला गट ब्लॉक १. आयगेनस्पेसचा पाया [एकक; क्ष] (वर एकक, खाली क्ष) अशा रूपात घेतला तर

क्ष अ[१,१] − अ[२,२] क्ष = अ[२,१] − क्ष अ[१,२] क्ष

उजवीकडे जुना क्ष ठेवा, डावीकडे नव्यासाठी सिल्व्हेस्टर समीकरण (क्ष मध्ये रेषीय) सोडवा, क्ष = ० पासून सुरुवात. व लावल्यावर तुमचे कर्ण-ब्लॉक जवळजवळ कर्णरूप असणार. ते एकदा पूर्ण कर्णरूपात आणलेत तर सिल्व्हेस्टर म्हणजे प्रत्येक घटकाला दोन आयगेनव्हॅल्यूंच्या फरकाने भागणं, बस.

एक-एकाच्या ब्लॉकवर बघा: ४ आणि १ कर्णावर, बाहेर १. समीकरण ३क्ष = १ − क्ष^२. येणारे आकडे ०.३३३३, ०.२९६३, ०.३०४१, ०.३०२५, खरं उत्तर ०.३०२८. चूक दर वेळी चिन्ह बदलते आणि साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. आयगेनव्हॅल्यू ४ + ०.३०२८.

स्ट्यूअर्ट यांच्या १९७३ च्या निकालानुसार ‖अ[१,२]‖ × ‖अ[२,१]‖ < δ^२/४ असेल तर हमी. सिमेट्रिकमध्ये δ म्हणजे दोन ब्लॉकांच्या आयगेनव्हॅल्यूंतली सर्वात लहान दरी. ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. एक-एकाच्या ब्लॉकांत उत्तराजवळची पट √(१ + ४त^२) − १ येते, जिथे त = बाहेरचा घटक ÷ δ. म्हणजे उत्तराजवळचं आकुंचन त^२ < ३/४ पर्यंत टिकतं. बाहेर १ च्या जागी २ ठेवा: त^२ = ०.४४, हमीबाहेर, तरी क्ष = ०.५ कडे जातं, पण पट ०.६७, कंटाळवाणं. ४ ठेवा: उत्तर ०.६९३ आहे, पण त्याच्याजवळ पट १.८५, म्हणून पुनरावृत्ती तिथून दूर फेकली जाते.

जोर हवा असेल तर न्यूटन: अ[१,१] च्या जागी अ[१,१] + अ[१,२]क्ष, अ[२,२] च्या जागी अ[२,२] − क्ष अ[१,२], उजवीकडे सध्याचा उर्वरित भाग. घट वर्गाने होते, पण दर वेळी नव्या ब्लॉकांनी सिल्व्हेस्टर सोडवावं लागतं आणि ते ब्लॉक आता सिमेट्रिक नाहीत. त्यापेक्षा दोन-तीन साध्या पायऱ्या घ्या, [एकक; क्ष] चं क्यूआर करून व मध्ये मिसळा, अ नव्याने मांडा आणि क्ष = ० पासून परत. क्यूआरची ती पायरी टाळू नका; [एकक; क्ष] चे स्तंभ एकमेकांना लंब नसतात, आणि नवी अ = व′अव अशी मांडताना ते गृहीत धरलंत तर सिमेट्री राहील पण आयगेनव्हॅल्यू चुकतील.

---

तिसरी_फेरी

एक भर: अ बदलत जाताना ब्लॉक १ मधली सर्वात वरची आणि ब्लॉक २ मधली सर्वात खालची आयगेनव्हॅल्यू जवळ येऊ लागल्या तर δ कोसळतो आणि क्ष चा नॉर्म फुगतो. दर वेळी ‖अ[१,२]‖/δ छापा. ०.५ ओलांडलं की ती पायरी ब्लॉक जॅकोबीने करा, सीमा नव्याने आखा आणि मग रिकाटीकडे परत या. गटाचा आकार एक-दोनने बदलला तरी चालेल, दुहेरी जोडी मात्र मधून कापू नका.